देवाला एकाहत्तर मार्क

कोंबडी हाती लागली तेव्हा वेळवाडी रिकामी झाली होती, आणि वर्षालीचं हॉल तिकीट दारामागच्या खुंटीवर, पिशवीत लटकत राहिलं होतं.

कोंबडीचा तसा दोष नाही. खुडुक बसलेली कोंबडी अंड्यांवरून उठत नाही, मग गावपळण असो की आणखी काही. पण गावपळणीचा नियम कोंबडीला विचारून केलेला नव्हता. देवाचा कौल झाला की जीव म्हणून जे काही आहे ते तीन दिवस वेशीबाहेर. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं. मागे गाव देवांचं. आबा तिर्लोटकर एकोणऐंशी वर्षांचे झाले तरी या बाबतीत इतके कडक, की मागच्या पळणीत मांजर घरी विसरलेल्या शेजाऱ्याशी त्यांनी वर्षभर अबोला धरला होता.

"ती खुडुक भायर काड, वर्षाली," त्यांनी नातीला फर्मावलं होतं. "माका घरात जीव रवलेलो चलाचो नाय."

वर्षाली पडवीतल्या लाकडांमागे शिरली, हाताला दोन चोची खाऊन कोंबडी अंड्यांसकट टोपलीत घालून बाहेर आली. तोवर तिच्या वडिलांनी, दत्तप्रसादांनी, दाराला कुलूप घातलं होतं. वेशीवर लवू गुरवाने नारळ फोडून वाट बंद केली होती. पिशवी आठवली ती सड्यावर पोचल्यावर.

सड्यावर, उघड्या कातळावर, तिर्लोटकरांची झावळ्यांची झोपडी उभी होती. घराला सात दारं होती म्हणून हे कुटुंब आजवर टिकलं, असं वर्षालीच्या आईचं, किशोरीचं, जुनं मत होतं. कोणाचं तोंड बघायचं नसेल तर दुसऱ्या दाराने निघता यायचं. झोपडीला एकच दार. त्यातून आत वाकताना किशोरीला मुलीचा चेहरा दिसला आणि तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"काय झाला गो?"

"पिशवी रवली, आई. हॉल तिकीट तेतूर आसा."

परीक्षा उद्या होती, कोल्हापुरात, आणि ती कशासाठी होती हे त्या दोघींना पुरतं ठाऊक होतं.

खुर्चीसाठी. गेल्या हंगामात आंबा परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीचा टायवाला पोरगा तिर्लोटकरांच्या आंब्याच्या शेडमध्ये आला आणि त्याने आबांना विचारलं, "तुमच्याकडे एमबीए कोण आहे?" आबा म्हणाले, "तो सुटीर आसा." आंबे भरणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आबांना ते फार लागलं. पुढच्या सोमवारी त्यांनी देवासमोर नारळ ठेवला आणि मोठ्याने सांगून टाकलं, घरातल्या ज्या कोणाक ही डिग्री पयली गावतली, तेका शेडातली माझी खुर्ची.

हे ऐकून दोघं कामाला लागले. एक विकी, आबांच्या धाकट्या मुलाचा मुलगा. आईबाप मुंबईला, हा आजोबांकडे. वेळवाडीच्या स्टँडवर त्याचं तीन कंप्युटरचं सायबर कॅफे. त्याने इंटरनेटवर नॉर्थ ब्रॅम्बल युनिव्हर्सिटी शोधून काढली. परदेशी, सगळं घरबसल्या, सहा महिन्यांत एमबीए. दुसरी वर्षाली. तिने सरकारमान्य विद्यापीठाचा अभ्यासक्रम घेतला. धडे कंप्युटरवर, तेही विकीच्याच कॅफेत अर्ध्या दरात, पण परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची आणि डिग्री दोन वर्षांनी. सहा महिने आणि दोन वर्षं यांत कोण पुढे, हे आंबे भरणाऱ्या बायकाही सांगू शकत होत्या.

वर आणखी पद्मावती आत्या होती. आबांची ही मुलगी वेंगुर्ल्यात दिलेली, खास गावपळणीसाठी माहेरी आलेली, आणि येताना वर्षालीसाठी काजूच्या कारखान्यातलं स्थळ घेऊन आलेली. "विकी खुर्चीर बसलो की चेडवाचा लगीन उरकून टाकूया," असं आबांनी तिला कबूल केलं होतं. स्थळ वाईट नव्हतं. पण वर्षालीला काजू नको होते, आंबे हवे होते. विकीचं वाईट व्हावं असं किशोरीला कधी वाटलं नव्हतं. तो नापास व्हावा, एवढंच वाटायचं.

"आबांका विचारतंय," वर्षाली उठली. "पाच मिनटांचो प्रश्न."

पण आबांसमोर विकी आधीच उभा होता.

"आबा, माका इल्लोसो गावात जावक व्हया."

"कित्याक?"

"उद्या माझो शेवटचो पेपर. कॅफेत बसान देवचो आसा."

"मगे जामसंड्याक जा. थंय कॅफे नाय?"

"आसा. पण पासवर्ड गावातल्या कॅफेत आसा."

"खंय?"

"माझ्या भिंतीर लिवललो आसा."

आबांनी नातवाकडे नीट बघून घेतलं. "गावात देव बसले आसत. तेंच्या मदी तू कंपुटर लावन बसतलंस?"

"मी आवाज बंद ठेवतंय, आबा."

"वेस म्हणजे तुझ्या कॅफेचा दार न्हय रे मेल्या, कोणय इलो आणि अर्धो तास बसान गेलो." आबांचा आवाज चार झोपड्या पलीकडे गेला. "माझो जीव गेलो तरी कोणाक भितूर सोडूचंय नाय. नातवाक नाय, कोणाकच नाय."

वर्षाली दारातच थांबली. मग तशीच मागे फिरली आणि रेंजच्या दगडाकडे चालू लागली. अख्ख्या सड्यावर मोबाइलला रेंज त्या एकाच दगडावर मिळायची. वर चढून तिने कोल्हापूरच्या परीक्षा केंद्राला फोन लावला.

"हॉल तिकीट नसेल तर बसता येणार नाही," पलीकडचा माणूस म्हणाला.

"सर, आमच्याकडे गावपळण आहे. तीन दिवस गावात जाता येत नाही. तिकीट घरात आहे."

"मॅडम, कोल्हापुरात गावपळण नाही."

"सर, नंबर पाठ आहे मला. फोटो बघा, सही बघा."

"नियम आहे. उद्या तुम्ही आला नाहीत तर गैरहजर लागेल. मे महिन्यात परत बसा."

तिने आणखी दोनदा विनवलं. तो आणखी दोनदा नाही म्हणाला, अगदी त्याच आवाजात. फोन ठेवल्यावर ती त्या दगडावर बसून रागाने रडली. सहा महिने गेले ते गेलेच. आणि ते कशापायी गेले, तर एका खुडुक कोंबडीपायी.

मंगळवारी झोपडीत सुतक पडलं, पण ते विकीचं. त्याचा पेपर बुडाला हे सगळ्या सड्याला कळलं होतं. पद्मावती आत्याने त्याच्यासाठी बांगड्याचं तिखलं केलं आणि समोर बसून त्याला खायला लावलं. लहानपणापासून हा तिचा लाडका. मुंबईहून आईबापांशिवाय आलेलं पोर म्हणून तिचा जीव तुटायचा, आणि तो आता तीस वर्षांचा झाला हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. वर्षालीचाही आज पेपर होता हे किशोरीशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. किशोरी दोनदा तोंड उघडायला गेली. दोन्ही वेळा वर्षालीने तिच्या दंडाला चिमटा काढला.

"विकी, मी काय म्हणतंय," दत्तप्रसाद म्हणाले. हा माणूस दिवसातून एकदाच बोलायचा आणि तेही जेवताना. "त्या विद्यापीठाक मान्यता आसा मां?"

"आसा तर. वेबसाइटीर मान्यता मंडळाचो शिक्को आसा, काका. सोनेरी."

"आणि त्या मंडळाक मान्यता कोणाची?" वर्षालीने भाताचा घास कालवत विचारलं.

"काय गो तुझा सारख्या," आत्या म्हणाली. "सोनेरी शिक्को आसा म्हणता ना तो. कोणी उगीच दिलो आसतलो? मान्यता म्हणजे काय, कोणीतरी बरा म्हटला की झाली."

"तसा न्हय, आत्या. जो बरा म्हणता तो कोण, ता बघूक व्हया. तू सोयरीक जमवतंस तेव्हा पोराच्या आवशीक विचारतंस काय पोरगो कसो आसा?"

"तिका कित्याक विचारू? ती बरोच म्हणतली. मी शेजाऱ्याक विचारतंय, दुकानदाराक विचारतंय."

"मगे?"

आत्याने विकीच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

आबा तसे शिक्क्यांच्या बाबतीत हळवे. बाहेरून आलेला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणाऱ्यांवर ते सकाळपासून दुपारपर्यंत बोलू शकायचे. पेटीवर देवगड लिहिलं म्हणून आतला आंबा देवगडचा होतो काय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते आता त्यांना आठवायला हरकत नव्हती. पण आबांचं लक्ष नातवाच्या पडलेल्या तोंडाकडे होतं.

"देवाच्या नेमापायी पोराचो पेपर गेलो," ते म्हणाले. "ह्या देवाकय दिसता. खुर्चीचो इचार मी परत करतलंय."

किशोरीने हातातली भाकरी परत ताटात ठेवली. नापास झाला तरी खुर्ची त्यालाच, मग तिने इतके दिवस देवाकडे मागितलं ते काय.

बुधवारी सकाळी विकी रेंजच्या दगडावर गेला आणि पळत खाली आला. त्याने फोन आत्याच्या हातात दिला. आत्याला चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून तो दत्तप्रसादांकडे गेला. त्यांनी विद्यापीठाचा संदेश दोनदा वाचला.

"हेंचा काय म्हणणा, विकी पास झालो. एकाहत्तर टक्के. विशेष प्रावीण्य. डिग्री येता पोस्टान."

"पण पेपर दिलोच नाय मां तेणी?" किशोरी म्हणाली.

मग वेशीवरून चहाला आलेल्या लवू गुरवाने पेला खाली ठेवला.

"गाव रिकामो," तो म्हणाला. "कॅफेक कुलूप. मगे पेपर लिवल्यान कोणी?"

त्याने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. उत्तर त्याच्या चेहऱ्यावरच होतं.

"काल सकाळी वेशीर बसललंय," लवू हळू आवाजात म्हणाला, "तेव्हा स्टँडाकडसून टकटक, टकटक आवाज येय होतो. मी म्हटलंय, सुतार पक्षी आसतलो."

अर्ध्या तासात सड्यावरच्या सगळ्या झोपड्या तिर्लोटकरांच्या दारात. देवाने विकीचा पेपर लिहिला. कोणी विकीच्या पाया पडलं, कोणी त्याच्या मोबाइलला कुंकू लावलं, एका म्हातारीने कॅफेच्या दिशेने हात जोडले. आत्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

विकी मात्र मनातून पार हादरला होता. त्याला खरंच वाटत होतं की देव आपल्या फिरत्या खुर्चीत बसून गेला. आणि भिंतीवर पासवर्डच्या शेजारीच एका नटीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. देवाने पासवर्ड वाचला म्हणजे तेही बघितलं असणार.

आबा उठून उभे राहिले. "माझा वचन पुरा झाला. उद्या कौल झालो, गावात गेलो, की पयल्यांदा शेडात जावया. विकी खुर्चीर बसतलो."

"मगे मी वेंगुर्ल्याक फोन करतंय," आत्या डोळे पुसत म्हणाली. "शिमग्याआधी लगीन."

किशोरीने मुलीकडे बघितलं. वर्षाली कोपऱ्यात कोंबडीच्या टोपलीशी बसली होती. देवाच्या विरुद्ध काय बोलायचं? विद्यापीठ खोटं म्हटलं तर देव खोटा पाडल्यासारखं होणार, आणि तेही अख्ख्या गावासमोर. तिने कोंबडीला टोपलीत नीट बसवलं. मग अगदी साधेपणाने म्हणाली,

"किती मार्क पडले म्हटलंस, विकी?"

"एकाहत्तर."

"शंभरातले?"

"व्हय."

"देवाक?"

लोक वळून तिच्याकडे बघू लागले.

"देवान पेपर लिवल्यान," वर्षाली म्हणाली, "मगे उरलेले एकोणतीस मार्क खंय गेले?"

लवू गुरव चटकन पुढे झाला. "देवान विकीच्या मापान लिवल्यान आसतला. कोणाक संशय येव नये म्हणान."

"गप रव, लवू," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आयुष्यभर ज्याला नारळ ठेवला त्याला कोणी परदेशी मास्तर एकाहत्तर देतो, ही गोष्ट त्यांना पचेना. "आमचो देव चोरून पास होणाऱ्यातलो न्हय. पद्मा, त्या विद्यापीठाक फोन लाव. पेपर परत तपासूक सांग."

पद्मावती आत्याने कमरेला पदर खोचला. अर्ध्या वेंगुर्ल्याच्या सोयरिकी तिने चौकशा करून जुळवल्या होत्या किंवा मोडल्या होत्या, तेव्हा हे काम तिचंच होतं. सगळी वरात रेंजच्या दगडाकडे निघाली. विकीने नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन आत्याच्या हातात दिला.

"नॉर्थ ब्रॅम्बल युनिव्हर्सिटी," एक बाई म्हणाली. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"नमस्कार," आत्या ठेवणीतल्या मराठीत म्हणाली. "आमच्या विकी तिर्लोटकरला एकाहत्तर मार्क पडले आहेत. ते आम्हाला कमी वाटतात."

"किती हवेत, मॅडम?"

आत्या गोंधळली. "किती हवेत म्हणजे?"

"ऐंशीच्या वर हवे असतील तर फी थोडी वेगळी. नव्वदच्या वर गोल्ड मेडल येतं."

"अहो, पण पेपर परत तपासायला नको का?"

"कुठला पेपर?"

"काल मुलाने दिला तो."

"दिला होता का?" बाईंना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "दिला नाही तरी चालतं, मॅडम. आमच्याकडे कोणी गैरहजर राहत नाही."

दुसरी शिट्टी झाली. आत्याने गर्दीकडे बघितलं. मग तिच्यातली सोयरीक जुळवणारी बाई जागी झाली आणि तिचा आवाज एकदम गोड झाला.

"आणि तुम्हाला मान्यता कोणाची हो?"

"मान्यता मंडळाची. खात्री करायची असेल तर त्यांचा नंबर देते, लिहून घ्या."

बाईंनी नंबर सांगितला. दत्तप्रसाद आत्याच्या खांद्यावरून वाकून फोनचा पडदा बघत होते. दिवसातलं आपलं एक वाक्य त्यांनी सकाळीच खर्च केलं होतं, तरी ते बोलले.

"पद्मा, ह्यो नंबर आता लावललो तोच आसा."

आत्याने फोन बंद केला आणि पोराच्या आईलाच पोराबद्दल विचारून बसल्यासारखी तिथेच कातळावर टेकली. गर्दी हळूहळू पांगली. लवू गुरवाला वेशीवर काहीतरी काम आठवलं. विकी मोबाइलवरचं कुंकू शर्टाने पुसत उभा राहिला. त्याने सहा महिने रात्रीचा दिवस करून त्या विद्यापीठाचे धडे पाठ केले होते. खरंच केले होते. त्याचं तोंड बघून वर्षालीला त्याच्यावर रागावता येईना.

"आता सांगतंय मी," किशोरी म्हणाली, आणि या वेळी चिमट्याला जुमानलं नाही. "आबा, काल वर्षालीचोय पेपर होतो. कोल्हापुराक. तुमी तिका कोंबडी काडूक पाठवलास आणि हॉल तिकीट घरात रवला."

आबांनी नातीकडे बघितलं. "तू तेंका फोन नाय केलंस?"

"केलंय."

"गावपळण आसा म्हणान सांगलंस?"

"सांगलंय. कोल्हापुरात गावपळण नाय म्हणालो."

"मगे?"

"दोनदा विनवलंय. नियम म्हणजे नियम. माका गैरहजर लावल्यान."

"पैसे देतंय, असा नाय म्हटलंस?"

"आबा."

"विचारतंय." आबा खाली बसले. त्यांनी कातळावरचं थोडं वाळलेलं गवत उपटलं. "बरो माणूस आसा तो," ते म्हणाले. "असो माणूस शेडात आंबे निवडूक व्हयो. एक डागी पेटीत जावचो नाय."

मग त्यांनी विचारलं, "पिशयेचा माका कित्याक नाय सांगलंस?"

"विकीक नाय म्हटलास मां तुमी."

"तुकाय नायच म्हटला असता."

"म्हणानच नाय इचारलंय."

आबांना हसू आलं, आणि लगेच डोळेही भरले. दोन्ही लपवायला त्यांनी टोपी काढून झटकली. या घरात आपल्यासारखं हट्टी दुसरं कोण आहे, हे ते इतकी वर्षं मुलांत आणि नातवांत शोधत होते. ते सकाळी झोपडीच्या कोपऱ्यात कोंबडीजवळ बसलं होतं.

"वचन तसाच आसा," ते म्हणाले. "डिग्री पयली आणीत तेची खुर्ची. पण डिग्री अशी व्हयी की तुमी गेलास नाय तर गेलास नाय म्हणतली. तवसर खुर्ची मोकळी. मी पेटीर बसतंय."

"मीय घेव तिचोच कोर्स?" विकीने हळूच विचारलं.

"घे," वर्षाली म्हणाली. "पण पासवर्ड भिंतीर लिवू नको. आणि मे महिन्यात माका कोल्हापुराक मोटारसायकलीन तूच न्हेवचा."

"पद्मा," आबा म्हणाले, "वेंगुर्ल्याक फोन लाव."

आत्याने नंबर लावला, पलीकडून कोणीतरी उचलला, आणि तिने हाताने फोन झाकून वडिलांकडे बघितलं.

"काय सांगू?"

आबांनी टोपी घातली, सरळ केली.

"सांग, चेडू गैरहजर आसा."